अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात जेन-एड: कुठला कोर्स कधी घ्यायचा

अमेरिकेतल्या बऱ्याच लिबरल आर्ट्स कॉलेजांत पदवीचा हिशोब ३२ कोर्सांचा असतो. आठ सेमिस्टर, दर सेमिस्टरला चार कोर्स. त्यातले १० ते १३ मेजरचे (मुख्य विषयाचे), जवळपास तेवढेच जनरल एज्युकेशनचे (मुख्य विषय कुठलाही असो, सगळ्यांना लागू असलेल्या अटींचे), म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'जेन-एड'चे, आणि उरलेले आपल्या मर्जीचे. एवढ्या मोकळ्या जागेतही चौथ्या वर्षी विद्यार्थी अडकतात आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: कोर्स चुकीच्या क्रमाने घेतलेले असतात. काही अटी कधीही, कुठल्याही सेमिस्टरला पुऱ्या होतात. काही अटींना मात्र साखळी असते, आणि साखळीची पहिली कडी वर्षातून एकदाच हाताला लागते. हा फरक पहिल्याच आठवड्यात कळला तर बाकीचं सगळं सोपं जातं.

आधी नावाबद्दल थोडं. मराठीत 'आर्ट्स' म्हटलं की कला शाखा डोळ्यांपुढे येते आणि इथेच गैरसमज सुरू होतो. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, खगोल आणि संगीत या सात विद्यांना मिळून लिबरल आर्ट्स म्हणत. सातांपैकी शेवटच्या चार गणिती विद्या मानल्या जात, संगीतसुद्धा. आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, संगणकशास्त्र यांत मेजर करता येतं आणि इतिहासाचं मेजर करणाऱ्यालाही प्रयोगशाळेत उभं राहावं लागतं. जेन-एडच्या अटी त्यासाठीच आहेत.

या अटी सगळीकडे सारख्या नसतात. ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात. पहिली 'कोअर': ठरावीक कोर्स सगळ्यांनी घ्यायचे. कोलंबिया कॉलेजचा कोअर १९१९ साली 'कंटेम्पररी सिव्हिलायझेशन' या कोर्सने सुरू झाला आणि तो कोर्स आजही आहे. सेंट जॉन्स कॉलेजात तर १९३७ पासून जवळजवळ सगळाच अभ्यासक्रम सक्तीचा आहे, गणित चारही वर्षं. दुसरं टोक 'ओपन करिक्युलम'चं. ॲमहर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचं सेमिनार आणि मेजर सोडून काहीही सक्तीचं नाही. ग्रिनेलमध्येही पहिल्या सेमिस्टरचं ट्युटोरियल तेवढं सगळ्यांना असतं. ब्राउन हे लिबरल आर्ट्स कॉलेज नसून विद्यापीठ आहे, पण तिथे १९६९ मध्ये आलेल्या मोकळ्या अभ्यासक्रमाची चर्चा नेहमी याच संदर्भात होते. तिसरी, सर्वांत जास्त आढळणारी पद्धत म्हणजे 'डिस्ट्रिब्युशन': विषयांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून अमुक इतके कोर्स घ्यायला लावायचे. विल्यम्समध्ये तीन विभाग आहेत, प्रत्येकातून तीन कोर्स, आणि त्यातले प्रत्येकी दोन दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत संपवायचे. स्वार्थमोरमध्येही तीन विभाग आणि प्रत्येकी तीन कोर्स, वर लेखनाचे तीन कोर्स, प्रयोगशाळेची अट, शारीरिक शिक्षण आणि मेजरच्या बाहेरचे किमान २० कोर्सांइतके क्रेडिट.

या पद्धतीमागे दीडशे वर्षांचा वाद आहे. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय जवळजवळ काढूनच टाकले आणि निवड विद्यार्थ्यांवर सोडली. त्यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी 'एका विषयात खोली, बाकीच्यांत विस्तार' अशी घडी बसवली. आज मेजर आणि डिस्ट्रिब्युशन म्हणून जे दिसतं ते मुळात हेच. खोली आणि विस्तार यांची ही विभागणी मला पटते. अठराव्या वर्षी आपल्याला काय आवडतं याची कल्पना शाळेत शिकवलेल्या सात-आठ विषयांपुरतीच असते. मानववंशशास्त्र, भाषाविज्ञान, भूगर्भशास्त्र हे विषय अनेकांना जेन-एडच्या अटीमुळेच पहिल्यांदा भेटतात.

आता कामाचं बोलू.

नियम वाचायचे कसे

जेन-एडची अट दोन प्रकारची असते आणि कॅटलॉगमध्ये, म्हणजे कॉलेजच्या नियमांच्या आणि कोर्सांच्या पुस्तिकेत, दोन्ही एकाच यादीत छापलेल्या असतात, त्यामुळे घोळ होतो. एक प्रकार 'गट' किंवा कॅटेगरीचा: मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, नैसर्गिक विज्ञान, कला. यात कोर्सची एक जागा खर्च होते. दुसरा प्रकार 'गुण' किंवा ॲट्रिब्यूटचा: लेखनप्रधान, संख्यात्मक, विविधता आणि सत्तासंबंध, जागतिक दृष्टी वगैरे. हा गुण कोर्सला चिकटलेला शिक्का असतो. एखादा समाजशास्त्राचा कोर्स सामाजिक शास्त्रांचा गटही भरतो आणि त्यावर लेखनाचा शिक्का असेल तर तीही अट भागवतो. म्हणून यादीत १६ अटी दिसल्या तरी कोर्स १६ लागत नाहीत. आधी गटांची बेरीज करा, मग शिक्के त्यांच्यावर कसे बसतील ते बघा.

शिक्क्यांत एक खाचखळगा आहे. बऱ्याच ठिकाणी शिक्का कोर्सला नसून त्या सेमिस्टरमधल्या त्या सेक्शनला, म्हणजे तुकडीला, असतो. तोच कोर्स वसंत सत्रात (जानेवारीपासूनच्या) दुसऱ्या प्राध्यापकाने घेतला तर लेखनाचा शिक्का नाहीसा होऊ शकतो. गेल्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. नोंदणीच्या पानावर, आपल्या सेक्शनच्या पुढे तो शिक्का दिसतो का ते पाहा.

त्यानंतर बघायचा तो दुहेरी मोजणीचा नियम. यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि तिन्हींची उत्तरं एकाच कॉलेजात वेगवेगळी असू शकतात. एक कोर्स दोन गट भरू शकतो का? याचं उत्तर बहुधा नाही. एक कोर्स गट आणि शिक्का दोन्ही भरू शकतो का? बहुधा हो. मेजरचा कोर्स जेन-एडसाठी चालतो का? बऱ्याच ठिकाणी चालतो, काही ठिकाणी एक किंवा दोनच कोर्सांपुरता. हे तिसरं उत्तर सर्वांत महाग आहे, कारण त्यावर तीन-चार मोकळ्या जागा अवलंबून असतात.

'वेगवेगळ्या विभागांतून' हे शब्द नजरेतून निसटतात. सामाजिक शास्त्रांचे दोन कोर्स म्हणजे दोन्ही अर्थशास्त्राचे चालत नाहीत, कोर्सच्या क्रमांकापुढचं विभागाचं नाव वेगळं लागतं. एकच कोर्स दोन विभागांच्या नावाखाली लावलेला असेल, म्हणजे क्रॉस-लिस्टेड असेल, तर नोंदणी कुठल्या नावाखाली करता यावर तो कुठे मोजला जाईल हे ठरू शकतं. नोंदणी करण्यापूर्वीच रजिस्ट्रारच्या कार्यालयात विचारून घ्या. सत्र संपल्यावर हे बदलून घेणं कटकटीचं असतं.

आणि अटी लागू होतात त्या तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षीच्या कॅटलॉगमधल्या. कॉलेजं दर काही वर्षांनी जेन-एड बदलतात. नवी रचना सोयीची वाटली तर तिच्यात जाता येतं, पण सहसा सगळ्या अटींसकट जावं लागतं. जुन्यातलं थोडं आणि नव्यातलं थोडं असं चालत नाही.

साखळीच्या अटी

परदेशी भाषेची अट सर्वांत जास्त जणांना अडकवते. अट 'चौथ्या सेमिस्टरच्या पातळीपर्यंत' अशी असेल आणि सुरुवात शून्यातून असेल तर चार कोर्स लागतात: पहिला फक्त शरद सत्रात (ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच्या), दुसरा फक्त वसंतात, तिसरा पुन्हा शरदात. स्पॅनिशसारख्या मोठ्या भाषांचे अधलेमधले सेक्शन मिळतात, पण रशियन, अरबी, जपानी अशा भाषांची साखळी वर्षातून एकदाच सुरू होते. पहिल्या शरदात सुरू केली तर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला मोकळे. दुसऱ्या वर्षी सुरू केली तर तिसरं वर्षही गुंतलं, आणि तेच वर्ष परदेशात एक सेमिस्टर काढण्याचं असतं. तिसऱ्या वर्षी सुरू केली तर चौथ्या वर्षाच्या वसंतापर्यंत एकही कडी चुकवून चालत नाही.

मध्ये खंड पडू देऊ नका. पहिला कोर्स झाल्यावर वर्षभर थांबून दुसरा घ्यायला गेलात तर शब्द विसरलेले असतात, आणि विभाग पुन्हा पातळी ठरवणारी प्लेसमेंट परीक्षा घेऊन खालच्या पातळीवर बसवू शकतो. शिवाय सुरुवातीच्या भाषावर्गांची वेळ बहुधा आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज तीच. हा वर्ग वेळापत्रकात सर्वांत आधी बसवा आणि बाकीचे त्याच्या भोवती लावा.

मराठी घरातल्या विद्यार्थ्यांना इथे एक सवलत मिळू शकते. शालेय शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झालं असेल तर अनेक कॉलेजं भाषेची अट माफ करतात. पुरावा म्हणून शाळेची कागदपत्रं लागतात. शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असेल आणि मराठी घरात बोलली जात असेल, तर काही ठिकाणी बाहेरच्या परीक्षकाकडून चाचणी घेतली जाते. त्यात लिहिणं-वाचणंही तपासतात, नुसतं बोलता येऊन भागत नाही. ही विनंती पहिल्या सेमिस्टरच्या आधी करा, कारण उत्तर यायला वेळ लागतो आणि तोवर साखळीची पहिली कडी निघून जाते. सूट मिळाली तरी क्रेडिट मिळत नाहीत. चार जागा मोकळ्या होतात, ३२ चा आकडा मात्र तसाच राहतो.

प्रयोगशाळेची अट दुसरी. विज्ञानाचे दोन कोर्स, त्यातला एक प्रयोगशाळेसह, अशी भाषा असेल तर खगोलशास्त्राचा नुसत्या व्याख्यानांचा कोर्स प्रयोगशाळेविनाची जागा भरतो, प्रयोगशाळेची नाही. व्याख्यान आणि लॅब यांची नोंदणी बऱ्याचदा दोन वेगळ्या क्रमांकांनी होते आणि लॅबचा क्रमांक घ्यायचा राहून जातो. लॅब म्हणजे आठवड्यातून एक दुपार, सलग तीन तास. खेळाच्या संघातले विद्यार्थी, नाटक करणारे, दुपारी कॅम्पसवर काम करणारे यांनी वेळ आधी तपासावी. विज्ञानाचं मेजर नसणाऱ्यांसाठी वेगळे लॅब कोर्स असतात, पण बाकं मोजकी असल्याने त्यांच्या जागा मर्यादित असतात. हा कोर्स चौथ्या वर्षाच्या वसंतावर टाकणं धोक्याचं. जागा मिळाली नाही तर पुढचं सेमिस्टर उरलेलं नसतं.

अशा वेगळ्या कोर्सांबद्दल आणखी एक. 'विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्र' यासारखा कोर्स पुढे कुठेच जात नाही. तो मेजरसाठी धरला जात नाही आणि पुढच्या कोर्सची पूर्वअटही होत नाही. विषय आवडेल अशी थोडीही शक्यता वाटत असेल तर मेजरवाल्यांचाच पहिला कोर्स घ्या. तो अवघड असतो, पण त्यानंतर दार उघडं राहतं. पहिल्या वर्षात तरी माझं मत असंच आहे. तिसऱ्या वर्षी मेजर पक्कं झाल्यावर हलका कोर्स घेण्यात काहीच गैर नाही.

संख्यात्मक अटीसाठी प्रवेशाच्या वेळी गणिताची प्लेसमेंट चाचणी असते. ती उन्हाळ्यात घरूनच द्यायची असल्यामुळे अनेक जण घाईत उरकतात, आणि मग कॅल्क्युलसच्या खालच्या पातळीवर बसतात. तसं झालं तर अर्थशास्त्र, रसायन, भौतिक या सगळ्यांच्या साखळ्या एकेक सेमिस्टर पुढे सरकतात. चाचणी मन लावून द्या. संख्याशास्त्राबाबत लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, गणित, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र हे तिन्ही विभाग आपापलं प्राथमिक संख्याशास्त्र शिकवतात आणि अनेक कॉलेजं त्यातल्या एकाच कोर्सचं क्रेडिट देतात. मानसशास्त्र की अर्थशास्त्र हे ठरलेलं नसेल तर दोन्ही विभागांना चालेल असा कोर्स कुठला, ते आधी विचारा.

लेखनप्रधान कोर्सांना साखळी नसते, पण वर्ग लहान असल्याने जागा कमी असतात. या कोर्सात निबंधाचा कच्चा मसुदा, त्यावर शेरे, पुन्हा लेखन असा क्रम ठरलेला असतो, म्हणून एका सेमिस्टरला असे दोन कोर्स घेतले की नोव्हेंबरमध्ये दोन्हींचे मसुदे एकाच आठवड्यात येतात. पहिल्या वर्षाचं सेमिनार लेखनाच्या अटीत धरतात की वेगळं मोजतात, हे कॉलेजागणिक बदलतं. कार्लटनमध्ये कोर्सांखेरीज लेखनाचा पोर्टफोलिओही द्यावा लागतो, वेगवेगळ्या कोर्सांत लिहिलेल्या निबंधांचा. पहिल्या दिवसापासून सगळे निबंध शेऱ्यांसकट जपून ठेवा, अट असो वा नसो.

कलेच्या अटीत क्रेडिटचे तुकडे असतात. वाद्यवादनाचे धडे किंवा वाद्यवृंद यांना बऱ्याच ठिकाणी पाव किंवा अर्ध्या कोर्सइतकंच क्रेडिट असतं. एका कोर्सची जागा भरायला दोन ते चार सेमिस्टर वाजवावं लागतं. चित्रकला आणि छायाचित्रणाच्या स्टुडिओ कोर्सांत मेजरवाल्यांना प्राधान्य असतं.

शारीरिक शिक्षणाला बहुधा क्रेडिट नसतं, त्यामुळे कोर्सांच्या बेरजेत ते दिसतच नाही, पण त्याच्याशिवाय पदवी मिळत नाही. काही कॉलेजांत पोहण्याची चाचणीही आहे. पोहता येत नसेल तर शिकवण्याचा वर्ग असतो. पहिल्या वर्षीच उरका.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा कॉलेजच्या अटी अशा आहेत: पहिल्या वर्षाचं सेमिनार १, भाषा ४ सेमिस्टर, संख्यात्मक १, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २ वेगवेगळ्या विभागांतून, मानव्यविद्या २, कला १. बेरीज १३. शिवाय लेखनाचे दोन शिक्के आणि विविधतेचा एक. मेजर जीवशास्त्र: जीवशास्त्राचे दोन प्राथमिक आणि पाच वरचे कोर्स, रसायनाचे चार, संख्याशास्त्र एक, शेवटच्या वर्षाचं सेमिनार एक. हेही १३. मेजरमधले तीन कोर्स, म्हणजे जीवशास्त्राचे दोन प्राथमिक आणि संख्याशास्त्र, जेन-एडमध्ये धरले जातात असं मानू. म्हणजे १३ अधिक १३ वजा ३, एकूण २३. बत्तीसातून नऊ जागा पूर्ण मोकळ्या.

पहिलं सेमिस्टर: सेमिनार, जीवशास्त्र एक, रसायन एक, भाषा एक. दुसरं: जीवशास्त्र दोन, रसायन दोन, भाषा दोन, आणि विविधतेचा शिक्का असलेला समाजशास्त्राचा कोर्स. तिसरं: सेंद्रिय रसायन एक, भाषा तीन, जीवशास्त्राचा वरचा एक, लेखनाचा शिक्का असलेला इतिहास किंवा तत्त्वज्ञान. चौथं: सेंद्रिय रसायन दोन, भाषा चार, संख्याशास्त्र, कला. दोन वर्षं संपली तेव्हा जेन-एडमधून सामाजिक शास्त्रांचा एक आणि मानव्यविद्येचा एक कोर्स उरला, मेजरचे पाच उरले, आणि लेखनाचा दुसरा शिक्का जीवशास्त्राच्या वरच्या कोर्सातून येईल. पुढच्या १६ जागांत सक्तीच्या फक्त सात. परदेशात एक सेमिस्टर आरामात बसतं.

याच विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी भाषा सोडून आधी मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रं संपवली असती तरी कोर्सांची संख्या तीच राहिली असती. पण तिसऱ्या वर्षात भाषा, वरच्या जीवशास्त्राच्या लॅब आणि परदेशातलं सेमिस्टर एकाच वेळी समोर आलं असतं.

या आराखड्यात मी दोन जेन-एड कोर्स मुद्दाम पुढे ठेवले आहेत. सगळं जेन-एड दोन वर्षांत 'संपवून टाका' हा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला पटत नाही. चौथ्या वर्षी वाचण्याची आणि लिहिण्याची ताकद वाढलेली असते. तेव्हा साहित्याचा किंवा तत्त्वज्ञानाचा तीनशेच्या क्रमांकाचा, म्हणजे वरच्या पातळीचा, कोर्स घेतला तर त्यातून जे मिळतं ते पहिल्या वर्षीच्या शंभरच्या, म्हणजे प्राथमिक, कोर्सात मिळत नाही. पूर्वअट नसलेले असे कोर्स शोधले तर सापडतात.

कोर्स निवडताना सिलॅबस मागा. आठवड्याला किती पानं वाचायची, निबंध किती आणि किती लांबीचे, परीक्षा घरी न्यायची की वर्गात, हे तिथे लिहिलेलं असतं. अमेरिकन क्रेडिटचा नियम एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास बाहेर असा आहे. चार क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याचे १२ तास, चार कोर्स म्हणजे ४८. जेन-एडचा कोर्स आहे म्हणून तो आठ तासांत होईल असं गृहीत धरलं की तिथूनच घसरण सुरू होते. 'सोपा' म्हणून प्रसिद्ध असलेल्या पण अजिबात न आवडणाऱ्या विषयात ग्रेड घसरण्याचं प्रमाणही बरंच असतं, कारण तिथे कुणी अभ्यासाला बसतच नाही.

पास-फेल पद्धतीने, म्हणजे ग्रेडऐवजी नुसता पास की नापास एवढाच शेरा घेऊन, केलेला कोर्स बऱ्याच कॉलेजांत जेन-एडसाठी चालत नाही. स्वार्थमोरसारख्या ठिकाणी पहिलं सेमिस्टरच सगळ्यांना ग्रेडविना असतं, तिथली गोष्ट वेगळी. बाकी ठिकाणी पास-फेलचा अर्ज भरण्यापूर्वी तो कोर्स कुठली अट भागवतोय ते बघा.

नोंदणीत ज्येष्ठांना आधी संधी मिळते आणि पहिल्या वर्षाचे शेवटी येतात. म्हणून चार कोर्स निवडायचे तर आठ-दहांची यादी घेऊन बसा, आणि प्रत्येकासमोर तो कुठली अट भरतो ते लिहा. जागा भरलेली असली तरी वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला वर्गात जा. पहिल्या एक-दोन आठवड्यांत बरेच जण कोर्स सोडतात, आणि प्राध्यापक समोर बसलेल्याला आधी घेतात.

बाहेरून आणलेले क्रेडिट

एपी, आयबी किंवा ए-लेव्हल या शाळेतच दिलेल्या परीक्षांतल्या चांगल्या गुणांवर तीन वेगवेगळ्या गोष्टी मिळू शकतात: वरच्या कोर्सात थेट प्रवेश, पदवीच्या बेरजेत क्रेडिट, किंवा जेन-एडच्या अटीतून सुटका. एक मिळालं म्हणजे तिन्ही मिळाली असं नसतं. लिबरल आर्ट्स कॉलेजांत पहिली गोष्ट सहज मिळते, तिसरी क्वचित. आणि ज्या कोर्सचं क्रेडिट मिळालंय तोच पुन्हा घेतला तर आधीचं क्रेडिट रद्द होतं.

उन्हाळ्यात दुसऱ्या कॉलेजातून घेतलेल्या कोर्सात बेरजेचा सापळा असतो. तिथला कोर्स तीन सेमिस्टर क्रेडिटचा आणि आपल्याकडचा चारचा. अट भागते, पण बेरजेत एक क्रेडिट कमी पडतं. असे चार कोर्स आणले की एक अख्खा कोर्स कमी. क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं असलेल्या, कॉलेजाचं क्रेडिट दोन तृतीयांश धरतात, म्हणजे पाच क्वार्टर क्रेडिटचे सव्वातीनच्या आसपास होतात. परदेशातल्या कोर्सांची मंजुरी जाण्याआधी लेखी घ्या, सिलॅबस आणि लिहिलेले निबंध घेऊन या. मंजुरी नसेल तर तो कोर्स सरळ 'इलेक्टिव्ह' म्हणून पडतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कोर्स सोडण्यापूर्वी आणखी एक गणित करावं लागतं. पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तीन क्रेडिटपर्यंत धरला जातो. चार क्रेडिटच्या चार कोर्सांतून एक सोडला तर १२ उरतात, दुसरा सोडला की नियम मोडतो. परवानगी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी घ्यायची, नंतर नाही. शेवटच्या सेमिस्टरला पदवीसाठी कमीच क्रेडिट उरले असतील तर कमी कोर्सांची मुभा मिळते, पण तीही त्याच कार्यालयाने नोंदवल्यावर.

कधीकधी एखादा कोर्स अटीत बसायला हवा होता पण बसवलेला नसतो. त्यासाठी याचिका करता येते. 'वेळापत्रक जमत नव्हतं' किंवा 'विषय अवघड जातो' या कारणांचा समितीवर फारसा परिणाम होत नाही. कॅटलॉगमध्ये त्या अटीचा उद्देश दोन-तीन वाक्यांत लिहिलेला असतो. तो उद्देश आपल्या कोर्सच्या कुठल्या आठवड्यांत, कुठल्या निबंधांतून पुरा होतो हे सिलॅबस जोडून दाखवा. एक पान पुरतं. अध्ययन अक्षमतेमुळे भाषेची किंवा गणिताची अट बदलून हवी असेल तर त्याची वाट वेगळी आहे: अपंगत्व सहाय्य कार्यालय, वैद्यकीय कागदपत्रं, आणि बहुतेक वेळा माफीऐवजी पर्यायी कोर्स. याची सुरुवातही पहिल्या वर्षीच करावी, एखाद्या कोर्सात नापास होईपर्यंत थांबू नये.

कुठल्या अटी भागल्या आणि कुठल्या उरल्या हे दाखवणारं डिग्री ऑडिट नावाचं पान प्रत्येक विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात असतं. दर सेमिस्टरला नोंदणीच्या आधी ते उघडा. त्यात सध्या चालू असलेले कोर्स पूर्ण झाल्यासारखे दिसतात, त्यामुळे हिरवी खूण दिसली तरी 'इन प्रोग्रेस' लिहिलंय का ते बघा. संगणक एखादा कोर्स सापडेल त्या पहिल्या खान्यात टाकतो. तुमच्या सोयीचा खाना दुसरा असेल तर रजिस्ट्रार तो हलवून देतात, पण सांगावं लागतं. मेजर बदलायचा विचार असेल तर 'व्हॉट-इफ' ऑडिट चालवून बघा, कुठले कोर्स जेन-एडमधून मेजरमध्ये सरकतात ते लगेच दिसतं. तिसऱ्या वर्षाच्या वसंतात, चौथ्या वर्षाची नोंदणी उघडण्याआधी, ॲडव्हायझरसोबत बसून ऑडिटमधली प्रत्येक ओळ वाचा, अगदी शारीरिक शिक्षणाचीसुद्धा. काही कमी पडत असेल तर भरून काढायला तेव्हा एक उन्हाळा आणि दोन सेमिस्टर हातात असतात.